रांगेतलं रिकामं गाडगं

कौतिका गेली त्या सकाळी मी तिच्यावर चिडले होते. दसरा नुकताच झाला होता, दिवाळीनंतर गावोगाव जत्रेसारख्या भरणाऱ्या मंडया तोंडावर आल्या होत्या, आणि यंदा कोणत्या गावाला कधी जायचं हे ठरवायचं सोडून ही बाई आदल्या संध्याकाळपासून फोनच उचलत नव्हती. चहा पिता पिता मनातल्या मनात मी तिला झापायला सुरुवात केली होती, तेवढ्यात फोन वाजला. नाव तिचंच. मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झाले, "कुठं मेली होतीस गं कालपासून?" पलीकडून तिच्या शेजारच्या दुर्गाचा आवाज आला. "मॅडम, मी दुर्गा बोलून राहिली जी... बाई सकाळी उठल्याच नाहीत." मी चप्पल घातली आणि समोर आलेल्या ऑटोत बसले. रस्ताभर मला माझंच ते वाक्य ऐकू येत होतं. कौतिकानं ते ऐकलं असतं तर पोट धरधरून हसली असती, एवढंच काय ते समाधान.

रेल्वे लाइनच्या पलीकडे तिचं दोन खोल्यांचं घर. पुढे टिनाची ओसरी, आणि ओसरीत भिंतीला लागून रुंद तोंडाच्या मातीच्या गाडग्यांची रांग. प्रत्येकावर चुन्यानं एकेका गावाचं नाव लिहिलेलं. आत लोकांची ये-जा चाललेली, कोणी कोणाला फोन करतंय, कोणी रडतंय, आणि मी आपली त्या गाडग्यांकडे बघत उभी. सगळ्यांत पाणी होतं. दसऱ्याला तिनंच टाकलेलं. पाण्यात मोहरीच्या दाण्याहून बारीक जीव वरखाली नाचत होते, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. फक्त शेवटचं गाडगं कोरडं होतं. रिकामं, बिननावाचं, धुऊन पुसून ठेवलेलं. त्याची गोष्ट सांगायलाच मी हे लिहायला बसले आहे, पण त्याआधी बाईंची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर ती म्हणेल, "मालू, तू मराठीची मास्तरीण ना वो? मग सुरुवात शेवटून काऊन करते?"

आम्ही दोघी गोंदियातल्या एकाच शाळेत शिकवायचो. मी मराठी, ती जीवशास्त्र. ती आमगावकडच्या एका गावातली, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, वाढलेली. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, पण त्याचं भांडवल तिनं कधी केलं नाही. स्टाफरूममध्ये तिचा आवाज सगळ्यांत मोठा आणि डबा सगळ्यांत आधी रिकामा. बेडूक हातात घेऊन वर्गभर फिरायची, सापाची कात टेबलावर पसरून ठेवायची, आणि भिंतीवर पाल दिसली की किंचाळून खुर्चीवर चढायची. मी एकदा म्हटलं, "अगं, जीवशास्त्राची बाई ना तू?" तर म्हणाली, "जीवशास्त्रात पाल येते, पालीत मी येत नाही." याचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही, पण त्या वेळी मुलं टाळ्या वाजवून मोकळी झाली होती.

निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, हिनं व्याख्यानं सुरू केली. तलाव, पक्षी, झाडं, आपल्या जिल्ह्यात काय काय आहे आणि ते कसं टिकवायचं. सुरुवातीला सगळं रीतसर होतं. पडदा, प्रोजेक्टर, रंगीत चित्रं. एका गावात तिनं पाणपक्ष्यांची चित्रं दाखवली, कुठल्याशा दूरदेशीच्या सरोवरातले गुलाबी पक्षी, हजारांनी उडणारे. लोकांनी टाळ्या दिल्या. चहा देणारी म्हातारी म्हणाली, "मस्त दाखवलं वो बाई. आमच्याइथं असं काई नाई ना, म्हनून पायले बरं वाटते." झालं! परतीच्या बसमध्ये कौतिका एक अक्षर बोलली नाही, आणि ती गप्प बसली की समजायचं काहीतरी मोठं शिजतंय. गोंदियाच्या स्टँडवर उतरता उतरता म्हणाली, "मी त्यांच्या गावात जाऊन त्यांना सांगून आली की तुमच्या गावात काही नाही." दुसऱ्या दिवशी तिनं प्रोजेक्टर शाळेला देऊन टाकला आणि येणाऱ्या उन्हाळ्यात एक पोतं आणि खुरपं घेऊन निघाली.

तिची पद्धत अशी. उन्हाळ्यात तलाव आटत आले की काठाकडची भेगाळलेली, वाळलेली माती उचलायची. घरी आणून गाडग्यात कोरडीच ठेवायची, पावसाळाभर तिला थेंब लागू द्यायचा नाही. दसऱ्याला सोनं वाटून झालं की प्रत्येक गाडग्यात पाणी. मग मंडई येईस्तोवर त्या मातीत जे जे झोपलेलं असेल ते उठायला लागायचं. आधी ते बारीक जीव, मग एखादी गोगलगाय, पोयन्याचं, म्हणजे पाणकमळाचं, एखादं नखाएवढं पान, आणि नशीब असेल तर देवधानाची हिरवी पाती. देवधान म्हणजे तलावाच्या उथळ काठाला आपलं आपण येणारा रानटी भात. कोणी पेरत नाही म्हणून देवाचा. ते गाडगं लाल फडक्यानं बांधून ती त्याच गावाच्या मंडईत जायची आणि त्या गावाला त्याचा तलाव दाखवायची.

मंडई म्हणजे काय ते आमच्या झाडीपट्टीत कोणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. भाऊबीज झाली की गावोगाव पाळीपाळीनं मंडई भरते. सासुरवाशिणी, जावई, सोयरेधायरे झाडून सगळे गावात येतात, दुकानं लागतात, भजे तळले जातात, दिवसा नाचगाण्याची दंडार आणि रात्री नाटक. एवढी गर्दी आयती जमलेली, तर तिच्यासमोर बोलायला काय हरकत आहे, असा कौतिकाचा हिशेब. दंडारीची मंडळी तोंडाला रंग लावेपर्यंत स्टेज हिचं. माईकवर टिचकी मारायची. "ऐका जी मायबाईनो! या गाडग्यात काय आहे?" "माती!" "कोणाची?" "आमची!" "अन्‌ मातीत काय आहे?" "काई नाई!" की फडकं सुटलंच. मग पोरंटोरं, म्हाताऱ्या, जावई सगळे स्टेजकडे धावायचे. "अवो, हे त पोयना हाय!" "ह्या शिंपल्या आमच्या माईनं रांधल्या होत्या ना गा!" हिचं निम्मं व्याख्यान लोकच देऊन टाकायचे. उरलेल्या निम्म्यात ती सांगायची की हे पान कोण खातं, त्याला कोण खातं, आणि उथळ काठ गेला की यातलं काय काय जातं. "सारसाचं जोडपं तुमच्या बांधीत काऊन उतरते? तुमचं थोबाड पाहाले?" असं विचारलं की मांडव हसायचा, आणि हसता हसता ऐकायचा.

शहरातही तिनं हाच प्रयोग केला. एकदा गोंदियातल्या तांदळाच्या व्यापाऱ्यांनी कुठल्याशा कार्यक्रमात तिला बोलावलं. गार हॉल, मऊ खुर्च्या, जेवणाचा वास सुटलेला. दोन मिनिटांत पहिली रांग मोबाइलमध्ये. ही स्टेजवरून खाली उतरली आणि गाडगं थेट एका शेठजींच्या नाकाखाली धरलं. "सूंघिए." शेठजी दचकले. "मॅडम, ये तो मिट्टी है." "जी. सुबह-शाम यही खाते हैं आप, बस पॉलिश करके." अख्खा हॉल हसला, शेठजी सगळ्यांत जास्त. ते गाडगं मग जेवणाच्या टेबलावर पुलावाशेजारी जाऊन बसलं आणि लोक प्लेट हातात घेऊन त्यात डोकावत राहिले. मला मात्र त्या दिवशी तिची भीतीच वाटली होती, म्हटलं आता ही कोणाला चाखायला लावते की काय!

आणि दरेकसाचा प्रवास. तिथल्या शाळेनं बोलावलं होतं, त्यांच्याच बोडीची, म्हणजे लहान तलावाची, माती घेऊन आम्ही पॅसेंजरनं निघालो. डब्यात पाय ठेवायला जागा नाही. कौतिका लाल फडक्यानं बांधलेलं गाडगं छातीशी धरून उभी. एका पोरानं ते बघितलं, चटकन उठला आणि हात जोडून म्हणाला, "बैठिए माताजी." शेजारच्या बाईनंही सरकून मला जागा दिली. समोरच्या म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कौन था, बाई?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तोंड उघडणार, तर हिनं माझ्या पायावर पाय दिला आणि जड आवाजात म्हणाली, "अपना ही था, बाबा." सालेकसा जाईपर्यंत डब्यात शांतता. उतरल्यावर मी फलाटावरच तिला धारेवर धरलं. "लाज नाही वाटत? अस्थी समजून लोकांनी हात जोडले!" तर म्हणते, "मातीला जोडले. मग काय बिघडलं? अन्‌ तुलाही सीट मिळाली ना वो?" आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला जातानाही बसमध्ये तिनं हीच युक्ती केली. मी लाजेनं खिडकीबाहेर बघत बसले, पण बसले होते, हे कबूल केलं पाहिजे.

अशी सगळीकडे हसत-हसवत फिरणारी ही बाई, पण स्वतःच्या माहेरच्या मंडईत कधी बोलली नव्हती. तिचा धाकटा भाऊ धनलाल तेव्हा गावचा सरपंच होता. गावाचं नाव मी लिहीत नाही, धनलालभाऊंना आवडणार नाही. भावाबहिणीचं गूळपीठ असं की विचारू नका. दर भाऊबीजेला ही पहिल्या बसनं माहेरी, आणि येताना चिन्नोर तांदळाची पिशवी, शिंगाडे, वहिनीनं दिलेला चिवडा असं काहीबाही घेऊन परत. सरपंच झाल्यावर धनलालभाऊंनी गावचा तलाव खोल करून घेतला. मशीन लावलं, तळापासून गाळ उपसला, काठ भिंतीसारखे सरळ उभे कापून घेतले, आणि काढलेला गाळ ज्याला हवा त्यानं शेतात नेला. उन्हाळ्यातही पाणी टिकायला लागलं. गाव खूश, भाऊ खूश. त्या आनंदात त्यांनी बहिणीला फोन केला. "साऱ्या जिल्ह्याले तलाव सांगत फिरते, आपल्याच गावाचं वावडं हाय का वो तुले? यंदा आपल्या मंडईत बोल."

ही हरखली. उन्हाळ्यात माती आणून ठेवली, दसऱ्याला पाणी टाकलं, आणि रोज सकाळी त्या एकाच गाडग्यात डोकं घालून बसायला लागली. बाकीच्या गाडग्यांत सगळं हलायला लागलं होतं. यात काही नाही. पाणी निवळलं, खाली पिवळसर मुरूम दिसायला लागला. भाऊबीज झाली, मंडई आली, पाणी तसंच. निघायच्या सकाळी मी तिला सरळ सांगितलं, "कौतिके, दुसरं गाडगं घे. गाडग्याला काय तोंड असतं? कोणाला कळणार आहे?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. मग म्हणाली, "माती बदलली तर मी तिथं सांगू काय, मालू?" आणि तेच गाडगं बांधलं.

तो मांडव माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सरपंचांची बहीण म्हणून पुढच्या रांगेत सगळे सोयरे. टेबलावर गाडगं, गाडग्याला धनलालभाऊंनी स्वतः घातलेला झेंडूचा हार. वहिनी नवं लुगडं नेसून कौतुकानं बघतेय. कौतिकानं नेहमीसारखी टिचकी मारली नाही. फडकं सोडलं, आणि माईकपासून जरा लांबूनच म्हणाली, "मी साऱ्या गावांत सांगते, मातीत काय झोपलं आहे ते पाहा. आपल्या मातीत काही नाही. धनू, तलाव खोल झाला, पाणी वाढलं, ते चांगलंच झालं. पण काठ उभा कापला अन्‌ वरची सगळी माती खरवडून नेली, तिच्यातच सगळं होतं..." दंडारीचा ढोलकीवाला मागे ढोलकी ताणत होता, तो थांबला. धनलालभाऊ उठले आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. घरी आम्हाला वाढलं गेलं, पण पानाशी कोणी बसलं नाही. निघताना ते दारात उभे होते. एवढंच म्हणाले, "बहीन म्हनून आली होती का मास्तरीन म्हनून?"

बसमध्ये खिडकीकडे तोंड करून कौतिका म्हणाली, "दोन्ही म्हणून गेली होती ना मी." तेव्हा माझा पारा चढला होता. मी म्हटलं, "अगं, हेच आधी घरात बसून सांगितलं असतं तर?" "घरात सांगितलं असतं तर घरातच राहिलं असतं." मी आजही तिच्याशी सहमत नाही. माणसाला चारचौघांत खाली बघायला लावू नये, सख्ख्या भावाला तर नाहीच. हे मी तिला नंतर शंभर वेळा ऐकवलं आणि शंभर वेळा तिनं तेच उत्तर दिलं. पण रडताना मी तिला त्या बसमध्येच पाहिलं, आधी नाही आणि नंतरही नाही.

त्यानंतर भावाचं बोलावणं आलं नाही. वर्षांमागून वर्षं गेली. भाऊबीजेला ती कुठलंही व्याख्यान घ्यायची नाही. सकाळीच न्हाऊन बरी साडी नेसायची, पितळेचं तबक चिंचेनं घासून लख्ख करायची, निरांजन, कुंकू, तांदूळ, सुपारी सगळं मांडून ठेवायची आणि ओसरीत खुर्ची टाकून बसायची. मी विचारलं तर, "पाय दुखून राहिले, म्हणून बसली." आणि त्याच वर्षांत रांगेच्या शेवटी ते रिकामं गाडगं आलं. दर उन्हाळ्यात बाकीच्या गाडग्यांत माती भरताना ती ते धुऊन पुसून पुन्हा जागेवर ठेवायची. "आपणच जाऊन मूठभर माती आणू या का?" मी एकदा विचारलं. "नाही. तो आणून देईल." "तो? अगं, तो तुझं नाव घेत नाही!" "आणून देईल वो. मला धनू माहीत आहे." इतक्या सहज म्हणाली की मला तिचाच राग आला.

म्हणूनच अंत्ययात्रेच्या वेळी धनलालभाऊ माहेरचं लुगडं घेऊन फाटकात दिसले, तेव्हा मला राहवलं नाही. "आता आलात होय?" मी तोंडावर म्हणाले. दुर्गानं माझा हात ओढला. त्यांनी लुगडं पायांशी ठेवलं, कपाळ टेकलं, आणि सगळं आटोपल्यावर निघून गेले. तिच्या सासरच्या पुतण्यानं दुसऱ्या दिवशी अस्थी आणल्या, लाल फडक्यानं बांधलेलं मडकं, आणि नदीवर जायची गाडी येईपर्यंत टेकवायला जागा बघत त्यानं ते नेमकं त्याच रांगेत ठेवलं. मला दरेकसाचा डबा आठवला. "अपना ही था, बाबा." मी ओसरीच्या खांबाला धरून हसायला लागले आणि हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. दुर्गाला वाटलं, मॅडमचं डोकं फिरलं.

गाडग्यांचं काय करायचं हे कोणीच सांगेना. पाणी टाकून झालेलं, आत जीव उठलेले, फेकायचे कसे? मग मीच रोज सकाळी जायला लागले. मला यातलं ओ का ठो कळत नाही. पाणी कमी दिसलं की तांब्यानं टाकायचं आणि तिला दोन शिव्या घालून घरी यायचं, असा माझा दिवाळीपर्यंतचा नेम. भाऊबीजेच्या दिवशीही गेले. फाटकाशी धनलालभाऊ उभे होते. थकले होते, दाढी वाढलेली, आणि छातीशी लाल फडक्यानं बांधलेलं गाडगं.

"बसमंदी पोट्ट्यानं जागा देली जी," ते म्हणाले. "म्हने, बाबा, अस्थी हाय का? मी नाही म्हनलो नाही." त्यांनी ओसरीत बसकण मारली, गाडगं समोर ठेवलं आणि फडकं सोडलं. आत पाणी, पाण्यात ते बारीक जीव नाचताहेत, आणि मधोमध देवधानाची पाती, बोटभर उंच, हिरवीगार.

"त्या मंडईनंतर मी दोन रोज जेवलो नाही जी," ते सांगत होते. "मंग तिचं म्हननं काठावर जाऊन पाह्यलो. खरंच काई नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात एका बाजूचा काठ उतरता करून घेतलो. मासे धरनाऱ्या ढिवरांच्या लोकायले घेऊन दुसऱ्या गावच्या तलावातून माती आनलो, देवधानाचं बी आनलो, पसरवलो. तिच्यावानीच दर दसऱ्याले घरी गाडग्यात पानी टाकून पाहे. एक वर्ष काईच नाही. एक वर्ष नुसतं शेवाळ. बायको म्हने, जा ना गा बहिनीकडे. पन उगवल्याबिगर कोन्त्या तोंडानं येऊ?" त्यांनी पातीला हळूच बोट लावलं. "यंदा उगवलं जी. दसऱ्यानंतर कोंब दिसला, त म्हनलो आता भाऊबीजेलेच नेऊ. तिच्या हातावरच ठेवू... अन्‌ मधातच फोन आला."

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. अरे माणसा, कोंब दिसला त्या दिवशी एक फोन करायला काय धाड भरली होती? पण काय ओरडणार! मी उठले आणि रांगेच्या शेवटचं ते रिकामं गाडगं आणून त्यांच्यासमोर ठेवलं. "हे तुमचं," मी म्हटलं. "इतकी वर्षं धुऊन ठेवत होती. म्हणायची, धनू आणून देईल." त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, आत बघितलं, आणि तो एवढा मोठा माणूस ओसरीत बसून लहान पोरासारखा रडला. दोघं सारखे हट्टी. एक म्हणते तो आणून देईल, दुसरा म्हणतो उगवल्यावर नेईन, आणि दोघांमध्ये तासाभराची बस.

रडणं ओसरल्यावर मी आत गेले. तबक फळीवर होतं, दसऱ्याच्या सुमाराला घासलेलं. दुर्गानं निरांजन लावून दिलं. मी त्यांची कोणी नाही, नात्याची ना गोत्याची, पण पाट मांडला आणि म्हटलं, बसा. ते निमूट बसले. मी कुंकू लावलं, ओवाळलं. त्यांचे डोळे मिटलेले. मग त्यांनी खिशाकडे हात नेला, तसाच मागे घेतला, आणि देवधानाचं ते गाडगं हळूच तबकाशेजारी सरकवलं. "हेच द्याचं होतं जी तिले," म्हणाले.

त्यांच्या गावची मंडई परवाच झाली. मला आग्रहानं नेलं. दंडारीच्या आधी धनलालभाऊ तेच गाडगं घेऊन स्टेजवर चढले. बोलायची सवय नाही, माईक तोंडाला लागला, शिट्टी वाजली, लोक हसले. ते म्हणाले, "माझी बहीन याच जागी उभी राहून म्हनाली होती का आपल्या मातीत काई नाही. मी उठून गेलो होतो. ती खरं बोलली होती. आता येऊन पाहा." बस, एवढंच व्याख्यान. पण बायका उठल्या, पोरं धावली, कोणी म्हणालं देवधान, कोणी म्हणालं नुसतं गवत, आणि त्यावरून जुंपली ती दंडार सुरू होईपर्यंत. कौतिका असती तर त्या भांडणात सगळ्यांत पुढे तीच असती. वहिनीनं मला जेवायला वाढलं आणि या वेळी पानाशी बसून राहिली.

येताना त्यांनी गाडगं माझ्याकडेच दिलं. तिचं रिकामं गाडगं मी आता त्यांच्या मातीनं भरलं आहे, त्यातलं देवधान जपून त्यात लावलं आहे, आणि ते रांगेत त्याच्या जागी ठेवलं आहे. त्यावर चुन्यानं गावाचं नाव धनलालभाऊंनी लिहिलं, अक्षर वेडंवाकडं. रोज सकाळी मी जाते, दुर्गाकडून किल्ली घेते, ओसरी झाडते. पाल दिसली तर तिच्या वाटचं मीच ओरडते. मग तांब्या घेऊन रांगेच्या पहिल्या गाडग्यापासून सुरुवात करते आणि शेवटच्यापाशी आले की जरा थांबते. आणून दिलं गं त्यानं, म्हणते, आणि पाणी टाकते.